रफूवाल्या बाईंचे अकरा पीकोट

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कितीतरी गुन्हे विसरलो, आरोपींचे चेहरे विसरलो, साहेबांच्या शिव्याही विसरलो. ही एक घटना मात्र मनातून उतरायला तयार नाही. यात खून नाही, दरोडा नाही. एका बाईच्या खोलीत अकरा कोट सापडले, एवढंच.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी तेव्हा गिरणगावातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो, लोकांच्या भाषेत फौजदार. राहायला नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये. सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, संध्याकाळी सभेचा बंदोबस्त, आणि मधल्या वेळात सापडेल तसा गुन्ह्यांचा तपास. गोळीबारानंतर तर लोकांनी आमच्याशी बोलणंच टाकलं होतं. क्वार्टर्सबाहेर बसणारी भाजीवाली माझ्या बायकोच्या पिशवीत टाकलेली मेथीची जुडी परत काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्यासाठी नाही." मुंबई महाराष्ट्रातच राहिली पाहिजे असं मलाही वाटत होतं. पण अंगावर वर्दी होती, आणि वर्दीवाल्याने मत घरी ठेवून यायचं अशी आमची शिस्त.

एका हरताळाच्या दुसऱ्या दिवशी एक ठेकेदार फिर्याद घेऊन आला. त्याला नौदलासाठी लोकरी कोट शिवून देण्याचं काम मिळालं होतं. खलाशी ज्याला पीकोट म्हणतात तो हा कोट: आखूड, जाड, गडद निळा, रुंद कॉलरचा, पुढे बटनांच्या दोन रांगा. शिवून तयार झालेले चाळीस कोट गोदामात होते. हरताळाच्या दिवशी आंदोलनवाल्यांनी कुलूप तोडून ते पळवले, अशी फिर्याद.

मी जागेचा पंचनामा केला. कुलूप तुटलेलं होतं. दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला निळ्या कापडाचा बोटभर तुकडा अडकला होता. बाहेर नेताना एखादा कोट अडकून फाटला असावा. मी तो पाकिटात घालून सील केला. ठेकेदाराने नौदलाने पसंत केलेला नमुन्याचा एक कोटही ओळख पटवण्यासाठी आणून दिला. "साहेब, बाकीचे चाळीस अगदी असेच," तो म्हणाला.

आमचे इन्स्पेक्टरसाहेब या फिर्यादीने खूश झाले. आंदोलनवाले चोर आहेत असं कोर्टात सिद्ध करायची संधी त्यांना हवीच होती. "दोन दिवसांत माल हस्तगत झाला पाहिजे," त्यांनी मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर आली. आमचा खबरी जुन्या कपड्यांच्या धंद्यातला. म्हणाला, "नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक रफूवाली बाई राहते. तिच्या पत्र्याच्या पेट्यांत आरमाराचे कोट भरलेत. मी डोळ्यांनी बघितलेत. मोर्चातही जाते ती." मी राहत होतो तिथून ती चाळ हाकेच्या अंतरावर.

झडतीला पंच हवेत. चाळीतला एक माणूस पुढे येईना. सगळे आपापल्या दारात हाताची घडी घालून उभे. शेवटी भोईवाड्यातून दोन दुकानदार आणावे लागले.

बाई पन्नाशीच्या होत्या. विधवा, एकट्या. खिडकीपाशी बसून कोणाच्या तरी गरम पँटीला रफू करत होत्या. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती, तिला ताजा हार. मागच्याच वर्षी चाळीतल्या बहुतेकांनी दीक्षा घेतली होती.

"नाव काय गं तुझं?" मी विचारलं.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "नाव सांगते. पण आधी 'तुम्ही' म्हणा. 'अगं-तुगं' आता आम्ही कोणाचंच ऐकून घेत नाही."

माझ्यामागे जमादार उभा होता, दारात चाळ उभी होती. बाईंनी सुई उचलून परत रफू सुरू केलं. शेवटी मीच म्हणालो, "नाव सांगा."

पेट्या उघडल्या. कडुलिंबाचा सुका पाला आणि तंबाखूची पानं यांच्या थरात, एकावर एक घडी घातलेले अकरा निळे कोट. मी कारकुनाला सांगितलं, "लिहा, अकरा लोकरी कोट, निळे, आरमारी पद्धतीचे."

"असं लिहू नका," बाई म्हणाल्या. "एकेक लिहा. हे अकरा वेगळे आहेत."

"ते ठाण्यात बघू."

"मग सहीही ठाण्यातच करीन. मी रात्रशाळेत सही शिकले ती काय वाटेल त्या कागदावर करायला?"

त्यांनी सही केली नाही. आम्ही मुद्देमाल उचलला आणि त्यांना घेऊन खाली उतरलो. जिन्यात कोणीतरी ओरडलं, "मराठीच ना रे तुम्ही?" मी वर बघितलं नाही.

आमच्या ठाण्यात महिला शिपाई नव्हती. म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये, दार उघडं ठेवून चौकशी सुरू झाली. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"कोट कोणी ठेवायला दिले? समितीवाल्यांनी?"

"कोणी नाही दिले. माझे आहेत. एकेक करून जुन्या बाजारातून घेतलेत."

"पावत्या?"

"जुन्या बाजारात पावती देतात होय साहेब?"

"मुंबईच्या उकाड्यात लोकरीचे कोट कशाला लागतात तुला?"

"तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"'तुम्हाला' म्हणा. आणि घालायला नाही लागत. आवडतात म्हणून ठेवलेत."

साहेब हसले. तेव्हा बाईंनी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. साहेबांना जुनी नाणी आणि बिल्ले जमवायचा नाद होता. काचेच्या पेटीत मखमलीवर सगळं मांडून ठेवलेलं असे. "हे तुम्ही कशाला जमवता? यांच्या पावत्या आहेत? तुम्ही साहेब, म्हणून तुमचा तो छंद. मी रफूवाली, म्हणून माझी चोरी. असंच ना?"

जमादाराने खोकल्याचा आव आणून तोंड फिरवलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "हिच्याकडून समितीवाल्यांची नावं काढ," ते मला म्हणाले आणि बंदोबस्ताची पाहणी करायला म्हणून बाहेर पडले.

मी बाईंना माझ्या टेबलासमोर बसवलं. नावांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मोर्चाला मी जाते. हे लिहून घ्या, त्याच्यावर सही करते. पण दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. चोरी झाली असती तरी नसतं निघालं, आणि इथं तर चोरीच नाही." आवाज चढलेला नव्हता. नुसतं सांगत होत्या.

चौकशीत एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो होतो. खोटं बोलणाऱ्याला तपशील विचारले की तो चिडतो, खरं बोलणाऱ्याला विचारले की तो खुलतो. मी म्हणालो, "बरं, एकेक कोट सांगा. लिहून घेतो."

बाई उठल्या, मुद्देमालाचं गाठोडं स्वतः सोडलं आणि पहिला कोट टेबलावर पसरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या गोदीजवळच्या लष्करी कपड्यांच्या डेपोत कामाला होत्या. जहाजांवरून फाटकेतुटके गणवेश येत. बायकांनी ते निवडायचे, शिवायचे, रफू करायचे. इंग्रजांचे वेगळे, अमेरिकनांचे वेगळे. अस्तरावरची चिठ्ठी त्यांना वाचता येत नव्हती. म्हणून हाताने ओळखायला शिकल्या.

"हा अमेरिकेचा. बटन बघा, नांगराला दोर गुंडाळलाय. खिशात हात घाला."

मी घातला. आत रेघारेघांचं मऊ कापड लागलं.

"खलाशाचे हात गारठू नयेत म्हणून खिशाला कॉर्डरॉय लावतात. आता हा दुसरा. हाही अमेरिकेचाच, पण याच्या बटनावर नांगराभोवती तारे आहेत. मोजा."

मी मोजले. तेरा होते.

"म्हणजे हा आधीचा, पहिल्या लढाईच्या सुमाराचा. याची लोकर दाबून बघा. पाणी ओतलं तर वरच्या वर घरंगळून जाईल. हा तिसरा इंग्रजांचा. याची बाही जळलीय ती गोदीत स्फोट झाला तेव्हाची. भोक बुजवलं मी, पण करपलेली कड तशीच ठेवली. ती काढायची नसते."

एका तासात माझे सहा कागद भरले. कोणत्या कोटाचं काज हाताने केलंय, कोणत्याचं मशीनवर, कोणत्या कॉलरखाली गळ्याची पट्टी आहे, कोणत्याची कोणीतरी मागाहून कापून टाकली. मध्येच एका कोटाचं अस्तर उलटून त्या थांबल्या. आत शाईने काही इंग्रजी अक्षरं लिहिलेली होती.

"एवढं वाचून दाखवाल?"

"तुम्ही कोणाकडून वाचून नाही घेतलंत आजवर?"

"ज्याला वाचता येतं त्याला दाखवलं असतं तर त्याने आधी विचारलं असतं, कोट कुठून आणला म्हणून. हा कोट घेऊन बारा वर्षं झाली."

एका खलाशाचं नाव होतं, आणि खाली त्याचा नंबर. मी वाचून दाखवलं. बाईंनी ते नाव आपल्या उच्चाराने दोनदा म्हटलं. "माणूस आहे होय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं गावाचं नाव असेल."

त्या क्षणी चोरीवरचा माझा विश्वास उडाला. पण पोलिसाचा विश्वास उडून भागत नाही, कागदावर पुरावा लागतो. मी ठेकेदाराचा नमुन्याचा कोट काढून त्या अकरांशेजारी ठेवला. आणि मला माझीच लाज वाटली. नमुन्याच्या बटनांवर अशोकस्तंभाचे सिंह होते. स्वातंत्र्यानंतर आरमाराने बटनं बदलली होती. बाईंच्या एकाही कोटावर सिंह नव्हते. इंग्रजी कोटांवर मुकुट, अमेरिकन कोटांवर नांगर. सकाळपासून अकराच्या अकरा कोट माझ्या हातांखालून गेले होते आणि बाईंनी दाखवेपर्यंत मी एकाचंही बटन बघितलं नव्हतं. कारण मी खोली बघितली होती. तेवढ्यावरच मी निकाल देऊन टाकला होता.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायचं तर कोणीतरी हमी द्यायला हवी होती. सकाळी ज्या चाळीने एक पंच दिला नव्हता, तिथली निम्मी माणसं ठाण्याच्या दारात उभी होती. प्रत्येकजण म्हणत होता, माझी सही घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आपण होऊन हजर झाल्या. मी त्यांच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या: गोदामाच्या खिळ्यावर सापडलेला तुकडा आणि नमुन्याचा कोट. "हे एकच कापड आहे का?"

त्यांनी तुकडा बोटांत चोळला. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. "नीट बघा. निळ्याच्या आत काय दिसतंय?"

बारीक तंतू दिसत होते. लाल, हिरवे, एखादा पिवळा.

"चिंध्यांची लोकर आहे ही. जुने स्वेटर, ब्लँकेट, मिळेल ते पिंजायचं, परत कातायचं आणि वरून निळा रंग द्यायचा. तंतू आखूड असतात, ओढला की तुटतो." त्यांनी ओढून दाखवला. "तुमचा नमुना चोख आहे. पण गोदामातून जे गेलं ते हे. असला कोट चोरायला कोण जाईल हो? पहिल्या पावसात याचा लगदा होईल."

मग त्यांनी मला साधा प्रश्न विचारला. "हे कोट तपासायला आरमाराचे लोक कधी येणार होते?"

मी फोन लावला. तपासणी हरताळाच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली होती.

मी अहवाल घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो पूर्ण वाचलाही नाही. "एका रफूवालीच्या बोटांवर तपास करतोस? तिला अटक दाखव. उद्या भोईवाडा कोर्टात उभी कर आणि रिमांड माग. पुढचं कोर्ट बघून घेईल."

"साहेब, अटकेला पुरावा नाही."

"मी सांगतोय ना."

"मग लेखी आदेश द्या. लगेच अटक करतो."

साहेबांनी पेन उचललं नाही. "तूही त्यांच्यातलाच दिसतोस," ते म्हणाले. "परिणाम माहीत आहेत ना?"

"माहीत आहेत."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला ठाऊक नाही. मी भित्रा नव्हतो, पण बंडखोरही नव्हतो. वडील कारकून, वरिष्ठांपुढे मान खाली घालायची हेच बाळकडू. पण दोन दिवस एक बाई माझ्यासमोर ताठ बसून एकेक गोष्ट नीट लिहून घ्या म्हणत होती. त्यानंतर खोटं लिहायला माझा हात उठेना. मी बाहेर आलो, स्टेशन डायरी उघडली आणि वेळ टाकून लिहिलं: अटकेस पुरेसा पुरावा नाही, वरिष्ठांना तसे कळवले. एकदा डायरीत शाईने उतरलेलं कोणाच्या बापाला खोडता येत नाही.

मग गोदामाच्या पहारेकऱ्याला गाठलं. पहिल्या जबानीत त्याने जमावाचं वर्णन केलं होतं. मी त्याला धमकावलं नाही. नुसता तो तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "दादा, हे कोट बाहेर काढले त्या दिवशी हरताळ होता की आदला दिवस?" त्याने तुकडा उचलून उलटसुलट केला. त्याला वाटलं, मला सगळं कळलंय. मग बोलला. आदल्या दिवशी दुपारी खुद्द मालकाने हातगाडीवर गठ्ठे चढवायला लावले होते. कुलूपही मालकानेच फोडलं.

हातगाडीचा माग काढत गेलो, तर शिवडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली चाळीस कोट सापडले. एकाची बाही फाटलेली होती. खिळ्यावरचा तुकडा तिथे बरोबर बसला.

ठेकेदाराने फार वेळ घेतला नाही. चोख कापडाचा नमुना दाखवून काम मिळवलं आणि कोट शिवले चिंध्यांच्या लोकरीचे. तपासणीत पकडला जाणार होता. "साहेब, हरताळाच्या दिवशी काहीही झालं तरी आंदोलनवाल्यांच्या नावावर खपतं," तो म्हणाला. "तुमच्याच साहेबांनी तर मला विचारलं होतं, आंदोलनवालेच होते ना?" खोटी फिर्याद आणि फसवणूक अशी दोन्ही कलमं त्याच्यावर लागली आणि पुढे शिक्षाही झाली.

मुद्देमाल परत न्यायला बाई आल्या. पावतीवर सही करण्याआधी त्यांनी अकराही कोट मोजून, उलटून, खिसे चाचपून बघितले. तारेवाल्या कोटापाशी थांबल्या.

"बटन कमी आहे."

जमादार म्हणाला, "मावशी, आधीच नसेल."

"फौजदारसाहेब, तुमचे सहा कागद काढा."

मी काढले. सगळी बटनं शाबूत, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मुद्देमालाची खोली शोधली, गाठोडं झटकलं, टेबलाखाली बघितलं. बाई उठून सरळ साहेबांच्या केबिनच्या दारात गेल्या. साहेब आत होते. काचेच्या पेटीत, नाण्यांच्या शेजारी, मखमलीवर ते बटन ठेवलेलं होतं.

बाई ठाणं ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "फौजदारसाहेब, पंच बोलवा. चोरीचा माल सापडला."

कोणी हसलं नाही. हसण्याची हिंमतच नव्हती कोणात. साहेबांनी पेटी उघडली आणि बटन काढून टेबलावर ठेवलं. नमुना म्हणून ठेवलं होतं, असं काहीसं पुटपुटले. बाईंनी ते उचललं, ब्लाउजला टोचलेली सुई काढली, माझ्याकडे दोरा मागितला आणि तिथेच ठाण्याच्या बाकावर बसून बटन पक्कं केलं. मग सही केली. अक्षरं मोठी, सावकाश काढलेली.

महिन्याभरात माझी बदली झाली, जिथे तपासच नसतो अशा जागी. जायच्या आधीचा शेवटचा बंदोबस्त परळला बायकांच्या मोर्चाचा होता. भर उन्हात पुढच्या रांगेत नऊवारीवर गडद निळा लोकरी कोट घातलेली एक बाई चालत येत होती. घामाने चेहरा निथळत होता. मी न राहवून पुढे झालो. "बाई, या उन्हात हा कोट?"

"परवा पलीकडच्या चाळीतल्या दोघींच्या पाठी फोडल्या तुमच्या लाठ्यांनी," त्या म्हणाल्या. "हे कापड बर्फाच्या वाऱ्याला दाद देत नाही. तुमच्या लाठीचं काय घेऊन बसलात! आणि आज पकडायचं असेल तर खुशाल पकडा. आज मी खरंच कायदा मोडतेय."

मनाईहुकूम होता. मी त्यांना अटक केली. व्हॅनमध्ये चढताना त्यांनी घोषणा दिली, आणि माझ्या रांगेतल्या दोन शिपायांचे ओठ हलले. मी ते बघितलं आणि वर कळवलं नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला. मला बढती मिळायला माझ्या बरोबरीच्या लोकांपेक्षा खूप उशीर लागला. पुढे दादरला नेमणूक असताना कळलं, की गिरगावातले मोठमोठे शिंपी गरम कापड पारखायला नायगावच्या त्या दुसऱ्या मजल्यावर जातात, जिना चढून, आणि 'बाई, तुम्ही सांगा' म्हणतात. कोट त्यांनी एकही विकला नाही.

तरुण अधिकारी मला विचारतात, चांगला तपास कसा करायचा. मी त्यांना सांगतो, गरिबाच्या घरात चांगली वस्तू दिसली की आपल्या डोक्यात पहिला शब्द 'चोरी' येतो. तो येतो हे आधी कबूल करा. मग ती वस्तू हातात घ्या, उजेडात धरा, आणि ज्याची आहे त्यालाच विचारा. बहुतेक वेळा त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि साहेबाने खोटं लिहायला सांगितलं, तर त्याला आधी ते स्वतःच्या हाताने लिहून मागा. माझ्या सगळ्या नोकरीत असा आदेश लिहून देणारा एकही साहेब मला भेटला नाही.

माझ्या सेवापुस्तकात त्या वर्षाच्या पानावर शेरा आहे: 'हट्टी. वरिष्ठांचे ऐकत नाही.' तो खोडून घ्यायला अपील करता येतं, असं मला अनेकांनी सुचवलं. मी केलं नाही. करणारही नव्हतो. माझ्या नोकरीतली जी प्रशस्तिपत्रकं आहेत ती कुठल्या तरी पेटीत पडली आहेत. शेऱ्याच्या त्या पानाची नक्कल मात्र मी काढून घेतली आणि चौकट करून भिंतीवर लावली आहे.